अंगावरून पांढरे जाते तेव्हा: नेहमीचे कोणते, दाखवावे असे कोणते आणि मुंबईत कुठे जावे

भांडुपला राहत असताना मी चार महिने एकाच तक्रारीवर चुकीचा उपाय करत राहिले. अंगावरून जाणे वाढले होते, त्याला वास येऊ लागला होता आणि संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये हा वास शेजारणीला येत असेल का, या विचाराने मी दाराशी उभी राहू लागले होते. ऑफिसातल्या मैत्रिणीने योनीत ठेवायच्या गोळ्यांचे नाव लिहून दिले, ते मी स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी सरकवून मागितले आणि काउंटरवरच्या मुलाने काहीही न विचारता कागदात गुंडाळून दिले. दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गोळ्या, तिसऱ्यांदा ट्यूब आणि सोबत सुगंधी वॉशची बाटली. अखेर ओपीडीत गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत सांगितले की हा बुरशीचा आजार नव्हताच. मी आणत होते ती सगळी औषधे मात्र बुरशीचीच होती, आणि वॉशमुळे मूळ बिघाडात भरच पडली होती.

मी डॉक्टर नाही, हिशेबाचे काम करते. पुढे लिहिले आहे ते स्वतः या फेऱ्यातून जाताना विचारून, वाचून आणि ताडून घेतलेले आहे. आजाराचे नाव ठरण्याआधी औषध घेऊ नये, एवढी एक गोष्ट मला त्या वेळी कुणी सांगितली असती तर चार महिने वाचले असते. ते नाव ठरवताना डॉक्टरांना आपण काय माहिती द्यायची, हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

1. आधी आपले ‘नेहमीचे’ काय ते ओळखावे

अंगावरून पांढरे जाणे हा मुळात आजार नाही. जुन्या बायका ज्याला धुपणी म्हणतात आणि ज्यामुळे ‘हाडे झिजतात’, ‘अंगातली ताकद निघून जाते’ असे सांगतात, त्यातला बराचसा भाग शरीराचे रोजचे कामकाज असते. गर्भाशयमुखातल्या ग्रंथींचा चिकट द्रव, योनीच्या भिंतीतून पाझरणारे पाणी आणि गळून पडणाऱ्या पेशी मिळून हा स्राव बनतो. त्यातून हाडे विरघळून बाहेर पडत नाहीत. थकवा खरा असेल तर त्याचे कारण रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये, झोपेत किंवा मनावरच्या ताणात शोधावे लागते, आणि ते शोधायलाच हवे.

वयात आल्यानंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या भिंतीत ग्लायकोजेन साठते. विरजणातल्या जंतूंच्या गोतावळ्यातले लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू योनीत वस्तीला असतात. ग्लायकोजेनपासून तयार होणाऱ्या साखरेचे ते लॅक्टिक आम्ल करतात. या आम्लामुळे योनीचा सामू, म्हणजे शाळेच्या विज्ञानात शिकलेला पीएच, साधारण 3.8 ते 4.5 राहतो आणि बाहेरचे जंतू सहसा तिथे तग धरत नाहीत. गडद रंगाच्या निकरवर मधोमध फिकट, विटलेला डाग पडतो तो याच आम्लाचा असतो. मी कित्येक वर्षे तो साबणाचा दोष समजत होते.

महिन्याभरात हा स्राव सारखा नसतो. पाळी संपल्यावर काही दिवस तो अगदी कमी असतो. पाळीच्या साधारण मध्यावर, बीज बाहेर पडण्याच्या सुमारास, तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि दोन बोटांत धरल्यास तार निघेल असा होतो. त्यानंतर तो दाट, पांढरट आणि चिकट होतो. कपड्यावर वाळल्यावर तो किंचित पिवळसर दिसतो, तेवढ्यावरून घाबरू नये. त्याला सौम्य, काहीसा आंबूस वास असतो, पण नाक वळवावे लागेल असा नसतो. खाज, आग किंवा वेदनाही नसतात.

वयाप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणेही फरक पडतो. पहिली पाळी येण्याच्या काही महिने आधी मुलींना पांढरे जाऊ लागते. गरोदरपणात स्राव वाढतो, अंगावर पाजताना कोरडेपणा येतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा तांबीने प्रमाण बदलू शकते आणि पाळी कायमची गेल्यावर स्राव खूपच कमी होतो. म्हणूनच दुसरीच्या स्रावाशी आपली तुलना निरुपयोगी आहे. तुलना करायची ती आपल्याच मागच्या महिन्यांशी.

2. बदलाची नोंद करावी

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा खाडा आणि पाळीची तारीख आपण लिहितोच. तिथेच किंवा मोबाइलमध्ये पुढील गोष्टी दोन-तीन शब्दांत लिहाव्यात: रंग, घट्टपणा, वास, खाज किंवा आग आहे का, तो पाळीचा कितवा दिवस आहे, त्याआधी शरीरसंबंध आला होता का, आणि अलीकडे सर्दी-खोकल्यासाठी किंवा दातासाठी अँटिबायोटिक घेतले होते का. घरात सर्वांच्या नजरेस पडेल म्हणून संकोच वाटत असेल, तर स्वतःच्या खुणा वापराव्यात. मी वासासाठी फुली आणि खाजेसाठी टिंब वापरत असे.

‘कधीपासून?’ या डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला आपण बहुतेक जणी ‘बरेच दिवस झाले’ असे उत्तर देतो आणि त्यातून काहीच कळत नाही. माझ्या नोंदीतल्या फुल्या पाळी संपल्यानंतरच्या आणि संबंधानंतरच्या दिवसांत दाटीने होत्या. डॉक्टरांनी मोबाइल हातात घेऊन त्या पाहिल्या आणि तपासणीआधीच त्यांना अर्धा अंदाज आला.

नोंद करत बसण्याची मुभा साध्या बदलांपुरतीच आहे. चौथ्या भागात दिलेल्यांपैकी एकही लक्षण असेल, तर वही बाजूला ठेवून निघावे.

3. बदल काय सुचवू शकतो, ते समजून घ्यावे

इथे थोडे सावकाश वाचावे, कारण सगळी गफलत इथेच होते.

बुरशीचा संसर्ग, ज्यात बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी असते, त्यात स्राव पांढरा, घट्ट आणि फुटलेल्या दुधासारखा गाठीगाठींचा असतो. मुख्य त्रास खाजेचा असतो. लघवी करताना बाहेरच्या लाल झालेल्या कातडीला झोंबते, काहींना सूज येते. वास मात्र जवळजवळ नसतो. सुमारे 75 टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण आणि ताब्यात नसलेला मधुमेह ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत.

दुसरा प्रकार बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘बीव्ही’ म्हणतात आणि माझा आजार हाच होता. यात बाहेरून नवा शत्रू आलेला असतोच असे नाही. लॅक्टोबॅसिलस कमी होतात, गार्डनेरेलासारखे इतर जंतू वाढतात, आम्लता घटते आणि सामू 4.5 च्या वर जातो. स्राव पातळ, राखाडी-पांढरा असतो आणि वास मासळीसारखा येतो. वीर्य आणि पाळीचे रक्त दोन्ही आम्लधर्मी नसल्यामुळे त्यांच्या संपर्कानंतर हा वास उसळतो. माझ्या फुल्यांचा उलगडा तो हाच. खाज फारशी नसते. स्वच्छता कमी पडल्यामुळे हा वास येतो असे मानून आपण आतपर्यंत धूत सुटतो आणि उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही घालवून बसतो.

तिसरा प्रकार ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीचा. स्राव पिवळट-हिरवा, कधी फेसाळ, दुर्गंधीयुक्त असतो, सोबत आग होते आणि लघवीला जळजळते. हा शरीरसंबंधातून पसरतो. पुरुषात बहुधा लक्षणे नसतात, तरीही दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते.

याखेरीज क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे संसर्ग योनीत नसून गर्भाशयमुखात घर करतात. अनेकींना काहीच जाणवत नाही, काहींना पूसारखा स्राव जातो किंवा संबंधानंतर रक्ताचा डाग दिसतो. दुर्लक्ष झाल्यास संसर्ग वर सरकून गर्भनलिकांना इजा करतो आणि पुढे मूल राहण्यात अडचण येऊ शकते.

हे वाचून ‘मग माझे अमुकच’ असे ठरवण्याचा मोह होईल. तो टाळावा. दोन संसर्ग एकत्रही असतात आणि दिसण्यावरून होणारा अंदाज सहज चुकतो. 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बुरशी समजून दुकानातून स्वतःच औषध घेणाऱ्या 95 स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश जणींना केवळ बुरशीचा संसर्ग असल्याचे आढळले. उरलेल्यांत माझ्यासारख्या बऱ्याच होत्या.

4. या लक्षणांत थांबू नये

पुढीलपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे:

• स्रावासोबत ओटीपोटात दुखणे, ताप, थंडी किंवा उलट्या.
• गरोदर असताना पाण्यासारखे सतत गळणे, कारण ते गर्भजल असू शकते. गरोदरपणात रक्त जाणे हेही तितकेच तातडीचे.
• बाळंतपण, गर्भपात किंवा तांबी बसवल्यानंतरच्या दिवसांत दुर्गंधी आणि ताप.
• योनीत कापूस, टॅम्पॉन किंवा कंडोम राहून गेल्याची शंका.
• जबरदस्ती झालेली असणे. अशा वेळी उपचार नाकारण्याचा अधिकार कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयाला नाही आणि प्रथमोपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत.

पुढील लक्षणांत धावपळ नको, पण त्याच आठवड्यात वेळ काढावा: संबंधानंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणे, रक्तमिश्रित किंवा कुजकट वासाचे पाणी जात राहणे, जननेंद्रियावर फोड किंवा जखम, आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदाही रक्ताचा डाग दिसणे.

वयात येण्याची चिन्हेही अजून न दिसणाऱ्या लहान मुलीला स्राव होत असेल, तर तिला बालरोग किंवा स्त्रीरोग तज्ज्ञांना दाखवावे. कारण जंत किंवा आत अडकलेला कागदाचा बोळा असू शकते, क्वचित कुणी छळ केल्याचेही ते चिन्ह असते. तिला रागावून प्रश्न विचारू नयेत. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे. नवजात मुलीला पहिल्या काही दिवसांत पांढरा किंवा किंचित लालसर स्राव आला, तर तो बहुधा आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो.

5. दाखवण्याआधी हे करू नये

आत काहीही घालून धुऊ नये. तुरटीचे पाणी, डेटॉल, लिंबू, सुगंधी वॉश यांपैकी एकाचीही योनीला गरज नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडा करणे पुरेसे असते. दही किंवा लसूण आत ठेवण्याचे सल्ले मोबाइलवर फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नये.

खाजेसाठी मेडिकलमधून मिळणाऱ्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांत बुरशीचे औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ट्यूब चांगली वाटते. पण कातडी पातळ होत जाते, बुरशी दबा धरून राहते आणि थांबवताच दुपटीने उसळते. नाजूक जागी असे मलम डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कधीही लावू नये.

तपासणीच्या आधीचे एक-दोन दिवस संबंध टाळावा आणि योनीत गोळी किंवा क्रीम ठेवू नये, नाहीतर काचपट्टीवर औषधच दिसते. ऐन पाळीत शक्यतो जाऊ नये. वर सांगितलेली धोक्याची लक्षणे असतील, तर मात्र पाळीची वाट पाहू नये.

मुंबईच्या पावसाळ्याबद्दलही सांगायला हवे. आमच्या गॅलरीतल्या दोरीवर आतले कपडे कुणाला दिसू नयेत म्हणून परकराखाली वाळत घालण्याची पद्धत होती. जुलै-ऑगस्टमध्ये ते दोन दिवसांनीही दमटच निघत आणि तसेच घातले जात. कोमट इस्त्री फिरवून ते कोरडे करणे किंवा रात्री पंख्याखाली उघडे टाकणे सोपे आहे. पावसात भिजलेली घट्ट लेगिंग ऑफिसात दिवसभर अंगावर वाळवण्यापेक्षा पिशवीत सुती जोड ठेवावा. एवढ्याने झालेला आजार बरा होत नाही, पण खाजेला मिळणारे आमंत्रण कमी होते.

6. मुंबईत कुठे जावे

साध्या तक्रारीसाठी घराजवळचा पालिकेचा दवाखाना, पालिकेचेच ‘आपला दवाखाना’ नावाचे केंद्र किंवा पालिकेचे प्रसूतिगृह ही पहिली पायरी ठीक आहे. प्रसूतिगृहात फक्त बाळंतिणी जातात, हा समज चुकीचा आहे. तिथे स्त्रीरोगाची बाह्यरुग्ण तपासणीही होते.

मोठ्या तपासण्या लागणार असतील, तर परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, सायनचे लोकमान्य टिळक आणि जुहूचे कूपर या पालिका रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहेत. भायखळ्याला सरकारी जेजे आहे, परळला वाडिया प्रसूती रुग्णालय आहे. सीएसएमटीहून चालत जाण्याच्या अंतरावर असलेले कामा रुग्णालय स्त्रिया आणि मुलांसाठीचेच आहे. पुरुष डॉक्टरांपुढे जायचे नाही म्हणून बायका दुखणी अंगावर काढत असत, त्या काळात, 1886 साली, ते सुरू झाले आणि डॉ. एडिथ पेची यांच्यासारख्या स्त्री डॉक्टरांकडे त्याचा कारभार होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनी मी स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी सरकवत उभी होते, हे आठवले की हसावे की रडावे, कळत नाही.

लैंगिक संसर्गाची शंका असेल किंवा कुणाला काही सांगायचेच नसेल, तर मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतली ‘सुरक्षा क्लिनिक’ उपयोगाची आहेत. तिथे समुपदेशन, तपासणी आणि औषधे मोफत असतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते. लक्षणांनुसार रंगीत पाकिटांत औषधे देण्याची पद्धत तिथे रूढ आहे, त्यातले योनिस्रावासाठीचे पाकीट हिरवे असते. जवळचे केंद्र विचारण्यासाठी 1097 हा निःशुल्क क्रमांक आहे.

पहिल्यांदा जाणारीला न कळणारी एक बाब अशी, की मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांची युनिटे असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. मंगळवारी दाखवले असेल आणि रिपोर्ट घेऊन गुरुवारी गेलात, तर तुम्हाला परत पाठवतात किंवा नव्या डॉक्टरांपुढे सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. मी हा हेलपाटा घातलेला आहे आणि त्यात एक पूर्ण रजा गेली. केसपेपरवर युनिट आणि वार लिहिलेला असतो, तो वाचून मगच निघावे. सकाळी केसपेपरची खिडकी उघडते त्या सुमारास पोहोचल्यास दुपारपर्यंत मोकळे होता येते.

7. सोबत काय न्यावे

• आधार कार्ड किंवा दुसरे ओळखपत्र, आणि जुना केसपेपर असल्यास तो.
• पाळीच्या आणि लक्षणांच्या नोंदी. शेवटच्या पाळीची तारीख तोंडपाठ असावी.
• आतापर्यंत वापरलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि ट्यूब. नावे आठवत नसतील, तर किमान मोबाइलवर फोटो.
• मधुमेह, थायरॉइड यांसारख्या चालू आजारांचे कागद. औषधाची ॲलर्जी असल्यास ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून.
• पूर्वी गर्भाशयमुखाची तपासणी झाली असल्यास तिचा रिपोर्ट.
• सुटे पैसे, पाण्याची बाटली, एक पॅड. शक्यतो साडी, परकर किंवा सैल कुर्ता घालावा, म्हणजे पूर्ण कपडे उतरवावे लागत नाहीत.

8. तपासणीच्या खोलीत

गर्दीच्या ओपीडीत टेबलाभोवती तीन-चार बायका एकदमच उभ्या असतात आणि सगळ्यांसमोर ‘काय त्रास?’ असे विचारले जाते. मी त्या वेळी ‘कंबर दुखते’ असे सांगून बसले होते. हे टाळण्यासाठी तक्रार चार ओळींत लिहून तो कागद पुढे करावा, किंवा ‘डॉक्टर, जरा आतल्या खोलीत सांगते’ असे म्हणावे. नाही म्हणणारे डॉक्टर मला अजून भेटलेले नाहीत.

‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न आपल्याकडे अजूनही ‘शरीरसंबंध आला आहे का?’ या अर्थाने विचारतात. आतून तपासणी करायची की नाही आणि कोणत्या संसर्गाचा विचार करायचा, हे त्या उत्तरावर ठरते. अविवाहित असून संबंध आलेला असेल, तर ‘लग्न नाही, पण संबंध आहे’ एवढे स्पष्ट सांगावे, आणि संबंध आलेलाच नसेल तर तेही सांगावे. तशा वेळी केवळ बाहेरून पाहून, बारीक स्वॅब घेऊन काम भागवता येते.

तपासणीत टेबलावर पाय दुमडून झोपावे लागते. डॉक्टर स्पेक्युलम नावाचे, बदकाच्या चोचीसारखे साधन आत घालून योनीच्या भिंती आणि गर्भाशयमुख पाहतात. ते थंड लागते, दाब जाणवतो, पण अंग सैल सोडून तोंडाने श्वास घेतल्यास फारसे दुखत नाही. दुखलेच तर ‘थांबा’ म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. डॉक्टर पुरुष असल्यास खोलीत स्त्री परिचारिका किंवा नातलग हवी, अशी मागणी निःसंकोच करावी.

कापसाच्या काडीवर घेतलेला स्राव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि सामू पाहायचा असल्यास कागदाची पट्टी लावतात. माझ्या वेळी डॉक्टरांनी पट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला आणि तोच मासळीचा वास टेबलापलीकडे बसलेल्या मला आला. चार महिने ज्याची लाज वाटत होती, त्याला तिथे ‘टेस्ट पॉझिटिव्ह’ एवढेच म्हणाले.

गरजेनुसार रक्तातली साखर, लघवी, एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिस या लैंगिक आजारासाठीची रक्ततपासणी) या तपासण्या सांगतात. निव्वळ पांढरे जाण्यासाठी सोनोग्राफीची सहसा गरज नसते. खासगीत ती पहिल्याच भेटीत लिहून दिली, तर ‘यातून काय पाहायचे आहे?’ असे विचारावे.

9. औषध घेताना

बीव्हीसाठी बहुधा मेट्रोनिडॅझोल पाच ते सात दिवस देतात. तोंडाला धातूची चव येते, मळमळते, म्हणून ते जेवणानंतर घ्यावे आणि त्या काळात मद्य टाळावे. दुसऱ्याच दिवशी वास गेला, तरी कोर्स पूर्ण करावा.

बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी देतात. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर फ्लुकोनॅझोल तोंडाने घेऊ नये, म्हणून डॉक्टरांना ते आधीच सांगावे. योनीतली गोळी रात्री झोपण्याच्या वेळीच ठेवावी. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो, तो औषधाचाच असतो. अशा गोळ्या आणि क्रीम रबरी कंडोम कमकुवत करू शकतात, हे कुणी आपणहून सांगत नाही.

ट्रायकोमोनास, क्लॅमिडिया किंवा गोनोरिया निघाल्यास जोडीदाराचेही उपचार व्हावे लागतात आणि ते पूर्ण होईपर्यंत, निदान सात दिवस, संबंध बंद ठेवावा. नवऱ्याला हे सांगणे अवघड असते. ‘डॉक्टरांनी दोघांना बोलावले आहे’ असे म्हणून पुढचे बोलणे समुपदेशकावर सोपवता येते. बीव्ही आणि साध्या बुरशीत जोडीदाराला सरसकट औषध देत नाहीत. वारंवार होणाऱ्या बीव्हीबाबत मात्र हा विचार अलीकडे बदलत आहे, म्हणून तसे असल्यास विचारून घ्यावे.

10. पुन्हा झाले किंवा ‘पिशवी काढा’ म्हटले, तर

बीव्ही परत येऊ शकतो, मलाही सहा महिन्यांनी आला. त्या वेळी जुनी चिठ्ठी दाखवून तेच औषध आणण्याऐवजी पुन्हा तपासून घेतले. बुरशी वर्षात तीन-चार वेळा होत असेल, तर साखर तपासावी आणि नेमकी कोणती बुरशी आहे हे कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत ती वाढवून, पाहावे. अशा वेळी उपचार काही महिने चालतात.

‘गर्भाशयाच्या तोंडाला जखम आहे’ हे वाक्य अनेकींना ऐकावे लागते. पुष्कळदा ती जखम नसते. आतल्या नाजूक, लालसर पेशींचा थर तोंडावर आलेला असतो, आणि तरुण वयात, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना हे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून भाजून घेण्याची घाई करू नये आणि पिशवी काढण्याची तर मुळीच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे उघड झाल्यावर 2019 साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांनाही कॅन्सरची भीती घालून ही शस्त्रक्रिया सांगितली गेली होती. असा सल्ला मिळाल्यास गर्भाशयमुखाच्या तपासणीचा लेखी रिपोर्ट मागावा आणि तो घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

उलट बाजूही खरी आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार आढळले आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. हे निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे दूरच्या खेड्यातले झाले, असे मी समजत होते. आमच्या सासूबाई भांडुपमध्येच, पाळी जाऊन आठ वर्षे झाल्यावर लागणारे डाग सात महिने कुणाला न सांगता स्वतःचे कपडे वेगळे धूत होत्या. माझी फाइल घरात उघडपणे दिसू लागल्यावर एके दिवशी भाजी निवडताना खाली मान घालूनच म्हणाल्या, ‘अगं, तुझ्या त्या डॉक्टरीणबाई माझ्या वयाच्या बायकांना बघतात का?’

त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि कोरडेपणामुळे नाजूक झालेल्या त्वचेतून ते डाग येत असल्याचे निष्पन्न झाले. लावायचे क्रीम मिळाले. पण तपासल्याशिवाय ते कुणी खात्रीने सांगू शकले नसते. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वर्षांच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी ठरवलेली आहे. तिला व्हीआयए म्हणतात. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभराने कुठे पांढरे चट्टे उमटतात का, एवढेच त्यात पाहतात. काही तक्रार नसली, तरी ती करून घ्यावी आणि रिपोर्ट जपून ठेवावा. आमच्या घरी दोघींचे केसपेपर आता रेशनकार्डाच्याच प्लास्टिकच्या पिशवीत असतात आणि युनिटचा वार कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलेला असतो.